वर गेलेले हात खाली का येतात?

पहिलीच्या वर्गात प्रश्न विचारला, की उत्तर येवो न येवो, सगळे हात वर! "टीचर, मी! टीचर, मी!" कॉलेजात मात्र साधा प्रश्न आला तरी माना खाली. मधल्या वर्षांत आपलं ज्ञान तर वाढलेलं असतं. मग तोंड का मिटतं?

पहिलं कारण वयाचं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये 'काल्पनिक प्रेक्षक' ही कल्पना मांडली. किशोरवयात आपल्याला वाटतं, सगळे आपल्यालाच बघताहेत. लहान मूल उत्तर देतं ते टीचरला. आपण देतो ते मागच्या बाकांना. खरं तर मागच्या बाकांवरचे स्वतःच्याच काळजीत असतात!

दुसरं कारण आपल्या गोव्यातलं. आमच्यापैकी कितीतरी जण चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलो आणि पाचवीपासून सगळे विषय इंग्रजीत आले. मीही त्यातलीच. उत्तर मनात मराठीत तयार असतं. ते इंग्रजीत जुळवून, व्याकरण तपासून होईपर्यंत दुसरं कुणीतरी बोलून मोकळं होतं. दोन-चार वर्षं असं झालं, की गप्प बसणं अंगवळणी पडतं. मग 'ती अबोलच आहे' असा शिक्काही बसतो.

तिसरं कारण वेळेचं. मेरी बड रो या संशोधिकेने वर्गांतल्या तासांचं ध्वनिमुद्रण तपासलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबत होते. हाच वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवला, तेव्हा उत्तरं लांबली आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागली.

म्हणून उपाय फार अवघड नाहीत. शिक्षकांनी जरा थांबावं. उत्तर आधी शेजारच्याला सांगू द्यावं, म्हणजे ते वर्गापुढे मांडायला धीर येतो. आणि आपण? कुणी अडखळलं तर हसू नये, एवढं तर आपल्याच हातात आहे.

आपल्या मराठी मंडळाच्या बैठकीत तर इंग्रजीची अडचण नाही. तरीही बोलणारे तेच तीन-चार जण! मित्रांनो, मनातली गोष्ट बोलून बघितल्याशिवाय ती आपल्याला नीट कळली आहे की नाही, हे आपल्यालाही समजत नाही. पुढच्या बैठकीत प्रत्येकाने निदान एक प्रश्न विचारूया. मोडकातोडका असला तरी चालेल.