आपल्या सर्व्हरवरचं चॅट अपग्रेडला का अडतं?

स्लॅकने सप्टेंबर 2022 पासून फुकटच्या योजनेत 90 दिवसांपेक्षा जुने संदेश दाखवणं बंद केलं. ऑफिसातलं सगळं बोलणं दुसऱ्याच्या ताब्यात असतं म्हणजे काय, हे तेव्हा अनेक छोट्या संस्थांच्या लक्षात आलं. चॅट स्वतःच्या सर्व्हरवर असावं ही इच्छा अगदी रास्त आहे. मॅटरमोस्ट, रॉकेट.चॅट, झुलिप ही मुक्तस्रोत सॉफ्टवेअर त्यासाठीच वापरली जातात.

ती बसवणं आता खरोखरच सोपं झालंय. सॉफ्टवेअर वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणाऱ्या डॉकरची एक फाइल घ्यायची, चार ओळी बदलायच्या, की लॉगिनचं पान समोर येतं. पहिली ठेच बहुधा चॅटच्या पुढे बसवलेल्या एनजिनएक्स या वेब सर्व्हरपाशी लागते. पान उघडतं, लॉगिनही होतं, पण सहकाऱ्याने पाठवलेला निरोप पान रिफ्रेश केल्याशिवाय दिसत नाही. मॅटरमोस्टसारख्या चॅटला वेबसॉकेट नावाची सतत उघडी राहणारी जोडणी लागते आणि एनजिनएक्स ती आपणहून पुढे जाऊ देत नाही. त्याच्या फाइलीत 'अपग्रेड' आणि 'कनेक्शन' हे दोन हेडर लिहावे लागतात. पण दोष चॅटचाच वाटतो, त्यामुळे शोधाशोध भलतीकडेच चालते.

खरा त्रास होतो तो पुढे, अपग्रेड करताना. आपण ज्याला 'चॅट' म्हणतो त्याच्या खाली डेटाबेस असतो, आणि त्याचं वय वेगळं मोजलं जातं. रॉकेट.चॅट मोंगोडीबी या डेटाबेसवर चालतं. समजा, तुमची मोंगोडीबी 4.0 आहे आणि चॅटच्या नव्या आवृत्तीला 5.0 हवी आहे. थेट उडी मारता येत नाही. आधी 4.2, मग 4.4, मग 5.0. शिवाय प्रत्येक टप्प्यावर 'फीचर कम्पॅटिबिलिटी व्हर्जन' नावाची नोंद हाताने पुढे सरकवावी लागते. ती राहून गेली, तर पुढच्या टप्प्यावर मोंगोडीबी सुरूच होत नाही.

एवढं सगळं नीट केलं, तरी 5.0 ला प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स ही सोय लागते. जुन्या मशीनमध्ये ती नसते. काही वेळा मशीन नवं असतं, पण व्हर्च्युअल मशीन बनवताना प्रोसेसरचा जुना, सामान्य प्रकार निवडलेला असल्यामुळे ती आतपर्यंत पोहोचत नाही. मग कंटेनर सुरू होतो, पडतो, पुन्हा सुरू होतो. प्रोसेसरचा प्रकार 'होस्ट' केला की प्रश्न मिटतो. पण चॅट बंद पडलंय म्हणून व्हर्च्युअल मशीनच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहायला हवं, हे रात्री अकरा वाजता सुचणार कुणाला?

मॅटरमोस्ट आणि झुलिप ज्या पोस्टग्रेस या डेटाबेसवर चालतात, त्याची तऱ्हा वेगळी नाही. डॉकरच्या फाइलीत आवृत्तीच्या जागी 'लेटेस्ट' लिहिलेलं असेल, तर एखाद्या दिवशी नवी मोठी आवृत्ती उतरते आणि जुन्या आवृत्तीने लिहिलेला डेटा वाचायला नकार देते. डेटा जागच्या जागी सुखरूप असतो, फक्त तो उघडत नाही. मॅटरमोस्टने तर 11 व्या आवृत्तीपासून मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचा आधारच काढून घेतला. त्यावर असलेल्यांना सगळा इतिहास पोस्टग्रेसमध्ये हलवण्यावाचून पर्याय उरला नाही.

माझ्या मते यात सर्व्हर सांभाळणाऱ्याला बोल लावणं अन्यायाचं आहे. छोट्या संस्थेत हे काम बहुतेक वेळा दुसरीच नोकरी करणाऱ्या माणसाच्या गळ्यात पडलेलं असतं. नव्याने बसवण्याची वाट जितकी गुळगुळीत केली जाते, तितकी जुन्यावरून नव्यावर येण्याची केली जात नाही. झुलिप या बाबतीत उजवं वाटतं. ते बसवायला कोरं उबुंटू किंवा डेबियन मागतं, पण पोस्टग्रेस पुढे नेण्यासाठी स्वतःची स्क्रिप्ट देतं. डेटाबेसची जबाबदारी चॅट बनवणाऱ्यानेही उचलायला हवी, ती अशी.

अपग्रेड टाळत राहणं हा मार्ग नव्हे. सुरक्षेच्या दुरुस्त्या नव्या आवृत्त्यांतच येतात, आणि जितकं मागे राहाल तितके मधले टप्पे वाढतात. डेटाबेसची आवृत्ती फाइलीत आकड्यानिशी लिहा. अपग्रेडआधी बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून तिथे चॅट खरंच सुरू होतंय का, जुन्या चॅनेलमधली फाइल उघडतेय का, ते पाहा. मॅटरमोस्ट वापरत असाल तर एक नक्की तपासा: अपलोड केलेल्या फाइली तिथे डेटाबेसच्या बाहेर असतात, त्यांचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो.