इशारा क्युसेकमध्ये, पाणी मात्र वस्तीत

सोलापूर म्हटले की दुष्काळ, टँकर आणि चारा छावणी एवढेच डोळ्यांपुढे येते. त्याच जिल्ह्यात सप्टेंबर 2025 मध्ये सीनेने माढा, मोहोळ, करमाळा, उत्तर आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांतील गावे वेढली. माणसे बोटींतून बाहेर काढावी लागली. ऑक्टोबर 2020 च्या अतिवृष्टीत तर पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जणांचा बळी गेला, पाठोपाठ भीमेचा पूर आला.

इशारा दिलाच जात नाही, असे आम्ही म्हणत नाही. उजनीतून आणि नीरेवरील वीर धरणातून पाणी सोडले की ‘नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे’ असे पत्रक निघते. आकडा क्युसेकमध्ये! क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे 28 लिटर. हा हिशेब आमच्या शेतमजूर मायबहिणीने कसा करायचा? पाणी कोणत्या पायरीला, कोणत्या पुलाला आणि किती वाजता लागेल, एवढेच तिला हवे आहे. दोन्ही धरणांचे पाणी नीरा नरसिंहपूरला एक होऊन पंढरपुरात यायला काही तास लागतात. जीव आणि संसार वाचवण्याचे तास तेच. व्यासनारायण झोपडपट्टीत पाणी पुन्हा पुन्हा शिरले आहे. किती विसर्गाला शिरते, याचा अंदाज एव्हाना प्रशासनाला असायलाच हवा. मग आकड्याऐवजी वस्तीचे नाव घेऊन सांगा ना!

सीनेचे दुखणे वेगळे. पाऊस पडतो अहिल्यानगर-धाराशिवकडे, पूर येतो सोलापुरात. तिकडचा पाऊस आणि सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी धरणांचा विसर्ग एकत्र पाहून खालच्या गावांना कळवणारा एकच जबाबदार अधिकारी हवा. जिल्ह्याची हद्द पाण्याला कळत नाही.

एके काळी गावाला दवंडी देणे हे महार वतनातले काम होते. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात वतनाच्या गुलामीविरुद्ध विधेयक मांडले. 1958 च्या कायद्याने वतन गेले, ते जायलाच हवे होते. पण ज्यांच्या वाडवडिलांनी अख्ख्या गावाला खबर दिली, त्यांच्या वस्तीला खबर कोण देतो? भोंगा देवळावर, वस्ती ओढ्यापलीकडे. मोबाईलवर संदेश येतो म्हणतात, पण पुराच्या रात्री आधी वीज जाते.

बौद्धवाडा, मातंग वस्ती, पारध्यांची पाले, प्रत्येक ठिकाणी बॅटरीवर चालणारा भोंगा बसवा. तो वाजवणारा माणूस वस्तीतलाच नेमा, आणि पगारी नेमा. वेठबिगार पुन्हा नको. येत्या ग्रामसभेत बांधवांनी उठून विचारावे : पुराचा निरोप आमच्या वस्तीत कोण आणणार, त्याचे नाव काय?