एका रुपयात पै किती?

मंडळी, सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. एका रुपयात पै किती? पैसे नव्हेत, पै. घरात ऐंशीच्या आसपासचं कुणी असेल तर आधी त्यांना विचारा. उत्तर आहे १९२. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै. १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले आणि हा हिशेब संपला. पण ज्यांनी तो लहानपणी घोकला, त्यांच्या डोक्यातून काही गेला नाही.

आमच्या गावातल्या ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्रात दर गुरुवारी मी असले प्रश्न घेऊन जातो. कवी माणूस, तेव्हा कविताच वाचून दाखवीन अशी मंडळींना सुरुवातीला धास्ती होती! गीतरामायणात गाणी किती? (५६.) आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ती कोणत्या वर्षी सुरू झाली? (१९५५.) पानशेत फुटलं ते साल? (१९६१.) बहात्तरच्या दुष्काळात कामावर खायला काय मिळायचं? इथे दहाजण एकदम ओरडतात, ‘सुकडी!’ आणि मग तिची चव कशी होती यावर वीस मिनिटं जातात. मी ती जाऊ देतो. मला हवं असतं ते तेच.

याचं कारण असं, की साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांच्या दरम्यान जे घडलं, ते माणसाला उतारवयात इतर काळापेक्षा अधिक ठळक आठवतं. मानसशास्त्राच्या अभ्यासकांना हे अनेकदा आढळलं आहे. म्हणून सत्तरीतल्या माणसाला कालची भाजी विचारू नये, वाडेकरांच्या संघानं १९७१ साली कुणाकुणाला हरवलं ते विचारावं. वेस्ट इंडीज आणि इंग्लंड, दोघांनाही त्यांच्याच घरी. दुसरं असं, की वयानं शब्दांचा आणि माहितीचा साठा फारसा कमी होत नाही, तो बाहेर काढण्याचा वेग कमी होतो. ‘अगदी जिभेवर आहे, पण...’ हे वाढत्या वयात अधिक होतं, विशेषतः नावांच्या बाबतीत. त्याला घाबरायचं कारण नाही. म्हणून आमच्याकडे घड्याळ नाही, घंटा नाही, गुण नाहीत. अडलं तर उत्तर सांगायचं नाही, पहिलं अक्षर सांगायचं. स्वतः खणून काढलेलं उत्तर आयत्या मिळालेल्या उत्तरापेक्षा जास्त टिकतं.

प्रश्नांच्या तयार पुस्तकांवर माझा एक राग आहे. ती राजधान्या, पंतप्रधान आणि क्रिकेट यांच्यापलीकडे जात नाहीत. परिणामी पुरुष बोलतात आणि बायका सतरंजीच्या कडेला बसून राहतात. एकदा मी विचारलं, ‘पायलीत चिपटी किती?’ सगळी सभा उलटी झाली. सोळा, असं एका आजींनी तिथल्या तिथे सांगितलं. पायलीच्या दोन अधोल्या, अधोलीचे दोन शेर, शेराची दोन मापटी, मापट्याची दोन चिपटी. दुसऱ्या म्हणाल्या, आमच्या माहेरी माप वेगळं होतं. भांडण जुंपलं, आणि त्या दिवशी चहा गार झाला. आमच्या घरचा एक प्रश्नही मी त्यांना घातला होता. रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो, मग तो पुन्हा त्याच ऋतूत यायला किती वर्षं लागतील? मंडळींनी बोटांवर हिशेब करून तेहेतीस काढले.

आता जरा जपून बोलतो. प्रश्न सोडवले की विस्मरणाचा आजार टळतो, असं कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. २००३ साली न्यूयॉर्कमधल्या ४६९ वृद्धांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वाचन, बैठे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांना हा आजार कमी झाल्याचं त्यात दिसलं. पण ज्यांचा मेंदू आधीच थकायला लागला, त्यांनीच खेळ आधी सोडले असतील, ही शंका उरतेच. अमेरिकेतल्या २,८३२ ज्येष्ठांवरच्या दुसऱ्या एका मोठ्या प्रयोगात असं आढळलं, की ज्याचा सराव दिला तेच मुख्यतः सुधारतं. दहा वर्षांनी पाहिलं तेव्हा स्मरणाच्या सरावाचा फायदा उरला नव्हता. तर्काचा आणि वेगाचा उरला होता. २०२४ साली ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ मंडळानं या आजाराची चौदा टाळता येण्याजोगी कारणं मांडली. त्यांत रक्तदाब आहे, मधुमेह आहे, एकटेपणा आहे, आणि कमी ऐकू येणंही आहे.

कानाचं म्हणाल तर आमच्या एका मास्तरांचं सांगतो. चाळीस वर्षं शिकवलेला माणूस, पण प्रश्नाला गप्प बसायचा, कधी भलतंच उत्तर द्यायचा. मागे कुजबुज सुरू झाली, ‘मास्तरांचं आता संपलं.’ मास्तर यायचे बंद झाले. त्यांच्या जोडीदारानं त्यांना ओढून आणलं तेव्हा आम्ही प्रश्न फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहू लागलो. त्या दिवशी पहिली सात उत्तरं मास्तरांची होती. डोकं शाबूत होतं, कानांनी दगा दिला होता. आता यंत्र लावतात आणि माझं शुद्धलेखन तपासतात.

सगळ्यांचं असं होत नाही. एक चाची यायच्या. तोच प्रश्न पाच मिनिटांत तीनदा विचारायच्या, आणि एकदा केंद्रातून घरचा रोजचा रस्ता चुकल्या. घरचे म्हणाले, वयाचं आहे. नाव जिभेवर अडणं वयाचं असतं, रोजचा रस्ता चुकणं नसतं. तिथे कोडी कामाची नाहीत, डॉक्टर लागतो. फार दिवस गेल्यावर मुलानं नेलं आणि आजाराचं निदान झालं. चाची अजून येतात. त्यांना आम्ही प्रश्न विचारत नाही. भेंड्या सुरू झाल्या की अक्षर कोणतं आलंय याची फिकीर न करता त्या आपलं गाणं धरतात, आणि ते आम्ही चालवून घेतो.

तुमच्या इमारतीत किंवा वाड्यात हे करायचं असेल तर आठदहा माणसं पुरे. फळा घ्या, अक्षर मोठं काढा, पंखा बंद करा म्हणजे ऐकू येईल. प्रश्न मंडळींनाच आणायला सांगा. पुढच्या गुरुवारचा प्रश्न आमच्या मास्तरांनी दिला आहे. बोरीबंदरहून पहिली आगगाडी कुठवर गेली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांनी तारीख विचारली आहे. ती मीही कुणाला सांगणार नाही, फक्त महिन्याचं पहिलं अक्षर सांगेन, ‘ए’.