हात न उचलता काढलेला फोटो
(लेखमाला : पाळत आणि आपण – लेखांक ५)

गेल्या आठवड्यात आपण चौकातल्या सीसीटीव्हीबद्दल बोललो. तो निदान खांबावर असतो, मान वर केली की दिसतो. आजचा कॅमेरा समोरच्या माणसाच्या नाकावर आहे.

लोकलमध्ये कुणी मोबाइल उभा धरला की आजूबाजूच्यांना लगेच कळतं. एखादी बाई ओढणी सारखी करते, एखादा तोंड फिरवतो, कुणी सरळ विचारतं, "काय हो, फोटो काढताय का?" हात वर जाणं हीच आजवर सूचना होती. ती कुठल्या कायद्यात लिहिलेली नव्हती, तरी सगळ्यांना कळायची. चष्म्यातल्या कॅमेऱ्यानं नेमकी तीच काढून घेतली आहे.

२०१३मध्ये 'गूगल ग्लास' हा कॅमेरा असलेला चष्मा आला, तेव्हा सिअ‍ॅटलमधल्या एका बारनं तो घालून आत यायला बंदी केली. जानेवारी २०१५मध्ये सामान्य ग्राहकांसाठीची त्याची विक्री थांबली. तो चेहऱ्यावर विचित्र दिसायचा, म्हणून ओळखू तरी यायचा. रे-बॅन आणि मेटा यांचा चष्मा २०२१मध्ये आला, तो मात्र चारचौघांच्या चष्म्यासारखाच. मे २०२५पासून तो भारतातही मिळतो.

फ्रेमच्या एका कोपऱ्यात कॅमेरा, दुसऱ्या कोपऱ्यात बारीक पांढरा दिवा. चित्रण सुरू झालं की दिवा लागतो. एवढ्यानं लोकांना खरंच कळतं का, असा प्रश्न आयर्लंड आणि इटलीच्या माहिती-संरक्षण यंत्रणांनी २०२१मध्येच विचारला होता. पुढच्या मॉडेलमध्ये दिवा मोठा झाला, आणि तो झाकला तर चित्रण होऊ नये अशी सोयही आली. पण भर दुपारी, गर्दीत, तीन-चार हातांवरच्या माणसाच्या फ्रेममधला ठिपका कोण बघत बसणार? दिसला तरी त्याचा अर्थ किती जणांना ठाऊक आहे? आणि ज्याला डोळ्यांनी दिसतच नाही, त्याला तो दिवा काय सांगणार?

फोटोपुढची गोष्ट जास्त गंभीर आहे. २०२४मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी याच चष्म्याचं चित्रण चेहरे शोधणाऱ्या एका संकेतस्थळाशी जोडलं. समोरच्या अनोळखी माणसाचं नाव आणि इतर माहिती थोड्याच वेळात त्यांच्या फोनवर येत होती. धोका दाखवणं एवढाच त्यांचा हेतू होता, म्हणून त्यांनी ती प्रणाली कुणाला दिली नाही. पण जे दोन विद्यार्थ्यांना जमलं, ते वाईट हेतूच्या माणसालाही जमेल.

आपला कायदा इथे तोकडा पडतो. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ स्त्रीच्या खासगी कृतीच्या चोरट्या चित्रणाबद्दल आहे, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ई शरीराच्या खासगी भागांबद्दल. फलाटावर बाकावर बसून डबा खाणारी बाई यातल्या कशातच बसत नाही. २०२३च्या डिजिटल माहिती-संरक्षण कायद्यानं तर वैयक्तिक किंवा घरगुती वापर वगळलेलाच आहे. खरं तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या पुट्टस्वामी निकालात न्या. चंद्रचूड यांनी स्पष्ट लिहिलं होतं की, माणूस सार्वजनिक जागी आहे म्हणून त्याची खासगी कक्षा संपत नाही. ते तत्त्व त्या बाकापर्यंत अजून पोचलेलं नाही.

मग बंदी घालावी का? मला तसं वाटत नाही. 'बी माय आइज' या सेवेतून अंध माणसं याच चष्म्यामार्फत दूरच्या स्वयंसेवकाला समोरचं दाखवतात. बसची पाटी किंवा औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचून घेतात. हातात काठी असताना मोबाइल धरणं किती अवघड जातं, ते त्यांनाच विचारावं. हा आधार काढून घेणं मला पटत नाही.

जपान आणि दक्षिण कोरियात विकल्या जाणाऱ्या मोबाइलचा फोटो काढतानाचा आवाज सहसा बंद करता येत नाही. चोरून फोटो काढण्याला आळा बसावा म्हणून केलेली ही व्यवस्था आहे. चष्म्यालाही तसाच आवाज सक्तीचा करावा, बाजूच्या माणसाला ऐकू जाईल एवढा, आणि चित्रण चालू असेतो थोड्या थोड्या वेळानं पुन्हा वाजणारा. अंध वापरकर्त्याचं त्यात काहीच अडत नाही. आणि बाकावरच्या बाईला डबा झाकून "काय हो?" असं विचारता येईल.