हाडांची वंशावळ

इंदूरच्या खजराना ठाण्याच्या हद्दीत बेवारस मृतदेह मिळाला की ‘मर्ग’ कायम होतो; महाराष्ट्रात आपण त्याला अकस्मात मृत्यूची नोंद म्हणतो. मग नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली चौकशी, पंचनामा, शवविच्छेदन. डीएनए घेतला तरी जुळवायला आई-बाप किंवा मूल लागतं. दावेदारच नसेल तर?

अमेरिकेत वाट निघाली ती दूरच्या नातलगांतून. ओहायोत १९८१ साली झालरीचं चामडी जाकीट घातलेल्या तरुणीचा मृतदेह मिळाला. तिचं नाव कळलं २०१८ मध्ये, ‘डीएनए डो प्रोजेक्ट’ या संस्थेमुळे. नेहमीच्या तपासणीत वीसेक खुणा पाहतात, इथे लाखो. पणजोबा एक असलेल्या भावंडांत सरासरी ३ टक्के डीएनए सामाईक असतो. तेवढ्यावरून पणजोबा गाठायचे आणि एकेक फांदी चाचपत खाली उतरायचं. हातात कुलवृत्तांत घेऊन बसल्यासारखंच, फक्त उलट्या टोकाकडून.

आपल्याकडे हे अवघड. जातीतल्या जातीत सोयरिकी, त्यात मामेबहिणीशी लग्नं. दूरचं नातंही जवळचं भासतं. डीएनए तपासाचे नियम ठरवणारं विधेयकही २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं.

इंदूरने ओळख पटवण्याचा हा पेच जिवंत माणसाच्या बाबतीत पाहिलाय. २०१५ मध्ये पाकिस्तानातून परतलेली मूकबधिर गीता इथल्या संस्थेत राहिली. दावेदारांचे डीएनए जुळेनात. शोध परभणीकडे वळला तो तिने खुणांनी सांगितलेल्या आठवणींवरून: रेल्वे स्टेशन, नदी, देऊळ, उसाची शेतं.