तान्ह्या बाळाची झोंप आणि भूक

बाळंतीण दवाखान्यांतून घरीं येते, बारशाची यादी होऊं लागते, आणि त्याच सुमारास घरांतील सर्वांची झोंप उडते. तासापूर्वीं पाजून निजविलेलें बाळ पुन्हां रडूं लागतें. कोणी म्हणतें, दृष्ट लागली. कोणी म्हणतें, पोट दुखत असेल. शेवटीं बाळंतिणीच्या मनांत आधींच सलत असलेलें वाक्य कोणीतरी उच्चारतें: "तुझें दूध याला पुरत नाहीं." या एका वाक्यापायीं पुष्कळ घरांत बाटली येते. म्हणून त्यांत तथ्य किती, हें शांतपणें पाहिलें पाहिजे.

प्रथम भुकेचा विचार. नवजात बाळाचें जठर फार लहान असतें. पहिल्या दोन-तीन दिवसांत येणारा दाट, पिवळसर चीक चमचा-दोन चमचे असला तरी त्याला पुरतो, आणि रोगापासून रक्षणही करतो. पुढें दूध भरपूर येऊं लागतें. परंतु तें पचण्यास हलकें असल्यामुळें बाळाला चोवीस तासांत ८ ते १२ वेळां प्यावें लागतें. संध्याकाळीं तर कित्येक बाळें घटकेघटकेला आईला सोडीत नाहींत. हें दूध कमी असल्याचें लक्षण नव्हे. उपसलेल्या विहिरीला नवें पाणी येतें, तसें जितकें ओढलें जाईल तितकें दूध तयार होतें. वरचें दूध दिलें कीं बाळ अंगावर कमी पितें, आणि मुळांत नसलेली उणीव खरोखरच निर्माण होते.

दूध पुरतें कीं नाहीं, हें रडण्यावरून न ठरवितां लंगोटांवरून ठरवावें. पांचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसरात्रींत सहा किंवा अधिक लंगोट ओले होत असतील, आणि आरंभीं किंचित् घटलेलें वजन सुमारें दोन आठवड्यांत भरून आलें असेल, तर काळजीचें कारण नाहीं. मध चाटविण्याची चाल मात्र वर्षभर वर्ज्य समजावी. मधांत कधीं कधीं असणारीं जंतुबीजें बाळाच्या आंतड्यांत रुजून विष उत्पन्न करतात.

आतां झोंपेविषयीं. बाळ दिवसरात्र मिळून १४ ते १७ तास झोंपतें, पण तुकड्यातुकड्यांनीं. दिवस आणि रात्र यांतील भेद त्याच्या शरीराला उमगण्यास दोन-तीन महिने लागतात. शिवाय त्याची सुमारें निम्मी झोंप चंचल असते. तींत तें हातपाय हालवितें, तोंड वेडेंवांकडें करतें, कण्हतें. तरीही तें झोंपलेलेंच असतें. हालचाल होतांच त्याला उचलूं नये, क्षणभर थांबावें. दिवसां उजेड व घरांतील नेहमींचे आवाज असूं द्यावेत. रात्रीं मंद दिवा ठेवून न बोलतां पाजावें. निजवितांना बाळ नेहमीं उताणें असावें, अंथरूण घट्ट असावें, आणि तोंडाजवळ उशी किंवा रजई नसावी. ब्रिटनमध्यें १९९१ सालीं हा उपदेश घरोघर पोहोंचविण्यांत आला, आणि झोंपेंत अकस्मात् दगावणाऱ्या बाळांची संख्या थोड्याच वर्षांत निम्म्याहून खालीं आली.

राहिला प्रश्न मातेचा. पाजण्याचें काम तिचेंच. पण ढेकर काढणें, लंगोट बदलणें, पाळणा हालविणें ही कामें बाळाच्या वडिलांनीं व आजीनें वांटून घ्यावींत. दिवसां बाळ निजलें कीं मातेनेंही निजावें. भेटीस येणाऱ्यांनीं थोडें थांबावें. दोन आठवडे उलटूनही तिचें मन उदास राहिलें, तर तो नाजूकपणा न मानतां वैद्यकीय सल्ला घ्यावा.

बाळ पिण्यासाठीं जागेंच होत नसेल, लंगोट कोरडे राहत असतील, अंग तापलें असेल किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील, तर त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. एरवीं रडणें सहाव्या आठवड्यापर्यंत वाढतें आणि मग हळूहळू ओसरतें. तोंवर बाटलीपेक्षां घरच्यांच्या धीराचीच मातेला अधिक गरज असते.