जीवनपटांतील बंदूक

ऐतिहासिक स्त्रीपुरुषांच्या चरित्रांवरील बोलपट पाहून मंडळी घरीं परतली, म्हणजे वाद निघतो तो बहुधा लुगड्याच्या काठावरून, पगडीच्या घाटावरून, नाहीं तर संवादांतील एकाद्या शब्दावरून. बंदुकीविषयीं सहसा कोणी बोलत नाहीं. चाप ओढला, आवाज झाला, समोरचा मनुष्य पडला, येवढ्यावर प्रेक्षकांचें समाधान होतें. वस्तुतः पागोटें चुकलें तर दृश्य विजोड दिसतें इतकेंच. बंदूक चुकली तर पुष्कळदां कथानकच चुकतें.

खानदेशांतील यावलचें उदाहरण घेऊं. शिंद्यांनीं सुमारें १७८८ सालीं हें ठाणें निंबाळकरांस दिलें. १८२१ त तें इंग्रजांकडे गेलें, १८३७ त शिंद्यांकडे परत आलें, आणि १८४३ त पुन्हां इंग्रजी अमलाखालीं गेलें. निंबाळकरांचा किल्ला गांवांत आजहि उभा आहे. त्याच्या बुरुजावर एकादा प्रसंग चित्रित करावयाचा झाला, तर पहारेकऱ्याच्या हातीं कोणती बंदूक द्यावयाची? १७८८ चा प्रसंग असेल तर साध्या शिबंदीच्या हातीं तोड्याची बंदूक शोभेल. तोच शिपाई शिंद्यांच्या कवायती पलटणींतला असेल तर चकमकीची. १८४३ चा इंग्रजी शिपाई असेल, तर टोपीच्या बंदुकीचाहि विचार करावा लागेल. पन्नास-पंचावन्न वर्षांत एकाच तटावर तीन तऱ्हेच्या बंदुका येऊन जातात, आणि दुरून पाहणारास तिन्ही सारख्याच दिसतात.

या तिन्ही बंदुका ठासणीच्याच. नळीच्या तोंडांतून दारू ओतावयाची, वरून गोळी सोडावयाची आणि गजानें ठासावयाची. भेद आहे तो आग लावण्याच्या युक्तींत. तोड्याच्या बंदुकीस सुताची धुमसती दोरी असते. चाप ओढला म्हणजे ती दोरी रंजकावर टेकते आणि दारू पेटते. चकमकीच्या बंदुकींत गारेचा तुकडा पोलादावर आपटून ठिणगी पडते. टोपीच्या बंदुकींत तांब्याच्या लहानशा टोपींत स्फोटक द्रव्य असतें, तिच्यावर घोडा आदळतो. पावसाची भीति बरीच कमी होते. इंग्रजी सैन्यांत ही टोपी १८४० च्या आगेमागें रूढ झाली. चांगला कवाइती शिपाई चकमकीची बंदूक मिनिटांत दोन-तीन वेळां झाडी. तोडेवाल्यास याहून पुष्कळ अधिक वेळ लागे. मग पडद्यावरील मावळा किंवा अरब शिपाई एकामागून एक बार काढीत धांवत सुटतो, तेव्हां त्याची दारू कोण भरतो, हा प्रश्न विचारणें गैर नाहीं.

बंदुकीवर अख्खें कथानक कसें उभें असतें, हें पाहावयाचें असेल तर १८५७ चा प्रसंग घ्यावा. १८५३ च्या नमुन्याच्या एन्फील्ड बंदुकीची नळी आंतून पेचदार होती व तिचें काडतूस कागदाचें होतें. कागदाच्या पुंगळींत दारू व गोळी, आणि गोळीच्या बाजूस चरबीचा लेप. पुंगळीचें टोंक दातांनीं तोडावयाचें, दारू नळींत ओतावयाची आणि उरलेला भाग गोळीसकट ठासावयाचा, अशी कवाईत होती. धर्म बुडाल्याची भीति या दातांच्या क्रियेंत सांठविलेली होती. (यावल हें गांव एके काळीं जाड देशी कागदाकरितां व निळीकरितां प्रसिद्ध होतें, एक कागदाची पुंगळी राज्य हालवूं शकते, हें तेथील कागद्यांस कदाचित् खरें वाटलें नसतें.) आतां अशा प्रसंगांत शिपायाच्या पट्ट्यांत पितळी काडतुसें लटकतांना दिसलीं, तर त्या बंडाचें तात्कालिक कारणच नाहींसें होतें. पितळ कोण चावतो?

२००५ सालीं केतन मेहता यांनीं मंगल पांडेच्या जीवनावर चित्रपट काढला. त्यांत पांडे सर्वांदेखत काडतूस चावून दाखवितो. नाट्यदृष्ट्या प्रसंग जोरदार आहे, यांत शंका नाहीं. परंतु २९ मार्च १८५७ रोजीं बराकपुरास जो प्रत्यक्ष प्रकार घडला, त्या वेळीं त्याच्या ३४ व्या पलटणींत नवी बंदूक वाटली गेलेली नव्हती. त्याच्या हातीं जुनी, गुळगुळीत नळीची बंदूक होती. म्हणजे ज्या काडतुसाला तो भीत होता, तें त्याच्या ओठांपर्यंत आलेंच नव्हतें. वार्तेनें आणि संशयानें मनुष्य कोठवर जातो, ही गोष्ट चावलेल्या काडतुसाहून अधिक भयंकर आहे; जुनी बंदूक पडद्यावर तशीच ठेवली असती तर ती दाखवितां आली असती.

झांशीच्या राणीवर सोहराब मोदी यांनीं १९५३ त रंगीत बोलपट काढला, आणि २०१९ त ‘मणिकर्णिका’ आला. अशा चित्रपटांत रिव्हॉल्व्हर दिसलें कीं चिकित्सक प्रेक्षक हंसतो. तें हंसणें मात्र नेहमींच बरोबर नसतें. १८५७-५८ त कित्येक इंग्रज अधिकाऱ्यांजवळ कोल्टची किंवा अॅडम्सची रिव्हॉल्व्हरें होतीं. चूक होते ती पुढेंच. त्या हत्याराच्या प्रत्येक घरांत दारू व गोळी निराळी भरावी लागे आणि वर टोपी बसवावी लागे. पांच-सहा बार झाले कीं अधिकाऱ्यास तलवार उपसणेंच सोयीचें पडे. पडद्यावरचा साहेब खिशांतून मूठभर काडतुसें काढून क्षणांत पुन्हां सज्ज होतो, तें तेव्हां शक्य नव्हतें. झांशीच्या वेढ्याविषयीं शंका आल्यास मराठी वाचकास दूर जाण्याचें कारण नाहीं. वरसईचे विष्णुभट गोडसे त्या वेळीं शहरांतच होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ सालीं छापून निघाला.

खानदेशाच्या जवळचें चरित्र म्हणजे खाज्या नाइकाचें. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा हा नाईक १८५७ त इंग्रजांवर उठला. ११ एप्रिल १८५८ रोजीं सातपुड्यांत अंबापाणी येथें त्याच्या भिल्लांची व त्यांस मिळालेल्या अरब-मकराण्यांची मेजर इव्हान्सच्या फौजेशीं लढाई झाली. या प्रसंगाचा चित्रपट करतांना सामान पुरविणारा सर्वांना एकसारख्या बंदुका वांटून मोकळा होईल. तसें झालें तर भिल्लाच्या हातांतला कामठा हें केवळ रानटीपणाचें चिन्ह ठरेल, आणि तो मोठा अन्याय होईल. तोड्याची बंदूक जंगलांत कशी वागते, याचा विचार करावा. पेटता तोडा रात्रीं दुरून चमकतो, त्याचा वास येतो, पावसानें तो विझतो. एक बार काढला कीं धुराचा लोट उठून झाडाआड बसलेला मनुष्य उघडा पडतो. कामठ्यास आवाज नाहीं, धूर नाहीं, आणि बंदूक पुन्हां भरून होईपर्यंत अनेक तीर सुटतात. दारू विकत घ्यावी लागते किंवा लुटावी लागते. बांबू सातपुड्यांत उगवतो. कामठा न सोडणारा भिल्ल आपल्या हत्याराचा हिशेब नीट जाणत होता, आणि हा हिशेब प्रेक्षकांस कळावयाचा, तर शेजारच्या मकराण्याची बंदूक खरी तोड्याचीच पाहिजे.

सर्वांत अधिक आढळणारी चूक ‘थ्री नॉट थ्री’ची. ली-एन्फील्ड बंदूक १८९५ ची. तिला पेटी असते, खटका मागें ओढून ती भरतात. ती स्वस्तांत भाड्यानें मिळते म्हणून सत्तावनच्या शिपायाच्याहि खांद्यावर चढते. तिच्याबरोबर धूरहि नाहींसा होतो, कारण बिनधुराची दारू १८८४ त फ्रान्सांत निघाली. त्यापूर्वींच्या रणांगणावर दोन-चार फैरी झाल्या कीं पांढऱ्या ढगाखेरीज कांहीं दिसत नसे. सेनापतीच्या कित्येक चुका त्या ढगानेंच केलेल्या असत. दिग्दर्शकास नटाचा चेहरा दाखवावयाचा असतो, तेव्हां त्याची अडचण समजण्यासारखी आहे.

बंदुकीच्या दस्त्यावरील छाप कोणत्या कारखान्याचा, किंवा एकादा खिळा दहा वर्षें पुढचा आहे, असल्या तक्रारींस मात्र फारसा अर्थ नाहीं. भरण्यास किती वेळ लागतो, गोळी किती दूर जाते, धूर किती होतो, आणि पावसांत काय होतें, येवढें जुळलें म्हणजे पुरे. त्यासाठीं खरी बंदूकहि लागत नाहीं. लांकूड व पत्रा यांची प्रतिकृति चालते, आणि ती अधिक सुरक्षित. ऑक्टोबर १९२१ नव्हे, अगदीं अलीकडे ऑक्टोबर २०२१ मध्यें, अमेरिकेंत ‘रस्ट’ नांवाच्या चित्रपटाच्या तालमींत जुन्या धाटणीच्या रिव्हॉल्व्हरांतून खरी गोळी सुटून छायाचित्रणकार बाई ठार झाली. तेथें हत्याराचा नमुना कथेच्या काळास साजेसा होता. आंत काय भरलें आहे, हें पाहण्यांत कसूर झाली.